‘त्याला कसली काळजी!’

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या तासाला बुद्धिमापनाचे प्रकरण आले की एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका विद्यार्थिनीने विचारला : "सर, ज्याची बुद्धी कमी आहे त्याचे जगणे आपल्यापेक्षा सोपे असते की अवघड?" प्रश्नात टवाळी नव्हती. मागच्या बाकांवर थोडा हशा झाला, पण तोही वाईट हेतूचा नव्हता. अशा प्रश्नावर चेहरा कसा ठेवावा हे न कळल्याचा तो हशा होता. घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा तेच उत्तर जरा सविस्तर लिहावे असे ठरविले. लेख मराठी विभागात येत असला तरी कन्नड विभागातील मित्रांनाही तो परका वाटू नये. विषय दोन्ही भाषांच्या घरांत सारखाच आहे.

वास्तविक या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे आधीपासूनच तयार आहेत. पहिले : "बरे आहे बिचाऱ्याचे. ना परीक्षा, ना नोकरीची विवंचना, ना पोरीच्या लग्नाचा घोर. त्याला कसली काळजी!" दुसरे : "असले जिणे वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये." गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून, एकाच भेटीत ऐकू येतात. पहिले त्या मुलाकडे पाहून, दुसरे त्याच्या आईकडे पाहून. ज्याच्याविषयी ही चर्चा चालते तो समोर बसलेला असतो आणि त्याला कुणी काही विचारीत नाही.

आधी शब्दांचा घोळ थोडा निस्तरू. आमच्या भागात ‘खुळा’ हा शब्द फार सैल हाताने वापरतात. मानसिक आजार झालेला, स्वभावाने भोळा, हट्टी, नुकताच प्रेमात पडलेला, आणि ज्याच्या बुद्धीची वाढ लहानपणीच खुंटली तो, हे सारे खुळेच. आमच्या पिढीने ‘मतिमंद’ हा शब्द सभ्य म्हणून स्वीकारला. कन्नड विभागातील मित्र ‘बुद्धिमांद्य’ म्हणतात. आता ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द रूढ होत आहे. शब्द बदलला म्हणजे दृष्टी बदलते असे मी मानीत नाही. पण मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांतील फरक मात्र प्रत्येक पदवीधराला ठाऊक असावा. मराठी चित्रपटांचे उदाहरण घ्यायचे तर ‘देवराई’ (२००४) मधील शेष हा स्किझोफ्रेनिया या आजाराचा रुग्ण आहे. त्याची बुद्धी मंद नाही. ‘चौकट राजा’ (१९९१) मधील नंदूच्या मेंदूला लहानपणीच इजा झालेली आहे आणि त्याची वाढ तेथेच अडली आहे. आजाराला औषध असते. बौद्धिक अक्षमतेला गोळी नाही. तेथे लागते ती शिकवण, सवय आणि सोबत. आपल्या कायद्यालाही हा फरक उमगायला वेळ लागला. १९१२ च्या लुनसी कायद्याने दोघांना एकाच व्याख्येत कोंबले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व त्या व्याख्येतून बाहेर काढले. हा तांत्रिक तपशील वाटेल, पण पुढे त्याचे एका स्त्रीच्या आयुष्यात किती मोल झाले ते सांगणार आहे.

शास्त्रानुसार बौद्धिक अक्षमता म्हणायची तर तीन गोष्टी एकत्र लागतात. बुद्ध्यंक साधारण सत्तर किंवा त्याखाली असणे ही पहिली. रोजच्या व्यवहारात, म्हणजे बोलणे, पैसे मोजणे, स्वत:ची काळजी घेणे, लोकांत वावरणे यांत लक्षणीय अडचण असणे ही दुसरी. आणि हे सारे वाढीच्या वयातच सुरू झालेले असणे ही तिसरी. कारणे पुष्कळ : एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत (डाउन सिंड्रोम), बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, आयोडिनची उणीव, मेंदूज्वर, काही आनुवंशिक दोष. मामाच्या मुलीशी किंवा सख्ख्या भाचीशी लग्न करण्याची चाल आपल्या भागात अजून आहे; त्यामुळे काही आनुवंशिक दोषांचा धोका वाढतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पुष्कळ वेळा तर कारण सापडतच नाही, आणि मग घरात आईच्या ग्रहणात भाजी चिरण्यावर खापर फुटते.

बुद्ध्यंकाचा इतिहास विद्यार्थ्यांनी पाठ केलेला असतो, पण त्याचा हेतू विसरलेला असतो. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पहिली कसोटी तयार केली ती शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे शोधण्यासाठी. मुलाच्या कपाळावर कायमचा आकडा कोरणे हा बिनेचा हेतू नव्हता. बुद्धी जन्मत:च ठरलेली व न बदलणारी असते या मताला त्याने स्पष्ट विरोध केला होता. आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ही कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. त्यांचा त्यावरील निबंध १९३४ साली इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे अनेक पिढ्यांच्या हाताखालून गेली. तेव्हा मराठी व कन्नड एकाच मुखपृष्ठाखाली आणणारे आमचे मासिक एकटेच नाही, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु आकडा काय सांगतो? पन्नास ते सत्तर सौम्य, पस्तीस ते पन्नास मध्यम, त्याखाली तीव्र व अतितीव्र, अशी जुनी वर्गवारी आहे. बहुसंख्य लोक सौम्य गटात मोडतात. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकानेही तीव्रता ठरविताना आकड्याऐवजी माणसाला व्यवहारात किती आधार लागतो हे पाहावे असे धरले आहे. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. कारण आधार किती लागतो हे एकट्या माणसाच्या डोक्यात ठरत नाही. तो कोठे राहतो, काय करतो आणि भोवतालचे लोक त्याच्याकडून काय मागतात यावर ते ठरते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ‘सहा तासांची मतिमंद मुले’ असा एक शब्दप्रयोग निघाला. सकाळी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत जी मुले मतिमंद ठरत, तीच घरी आणि वस्तीत लहान भावंडे सांभाळीत, दुकानातून सामान आणीत, खेळात डाव मांडीत. शाळा सुटली की मतिमंदत्वही सुटत असे! ही मुले बहुतेक गरीब आणि वर्गातली भाषा घरी न बोलणारी होती. सीमाभागात शिकविणाऱ्यांना यावर अधिक सांगायला नको.

हे नुसते पुस्तकातले नाही. माझा मावसभाऊ वडगावला राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही सारी भावंडे त्याला दादा म्हणतो आणि येथेही तेच म्हणेन. दोन वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. बोलणे उशिरा आले, लिहिणे जवळपास आलेच नाही. तिसरीत तीन वर्षे काढल्यावर मास्तरांनी मावशीला बोलावून ‘आता पुरे’ म्हणून सांगितले. त्यानंतर नात्यातल्या एकाच्या मागाच्या शेडमध्ये तो कांड्या भरायला जाऊ लागला. वडगाव-शहापूर भागात वाढलेल्यांना हे काम ठाऊक आहे : बाण्याचे सूत कांडीवर गुंडाळायचे, सूत तुटले तर जोडायचे, कांडी भरली की काढून दुसरी लावायची. कोणत्या साडीला कोणता रंग चालला आहे आणि पुढे कोणता लागणार हे दादाला विणकराच्या आधी कळे. बावीस वर्षे त्याने हे काम केले. आठवड्याचा पगार मावशीच्या हातात द्यायचा, त्यातले ठरलेले पैसे परत घ्यायचे, रात्री मित्रांबरोबर चहा आणि मिरची भजी. त्या शेडमध्ये त्याला कोणी मतिमंद म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणायची गरजच पडली नसावी.

२०१३ च्या सुमारास शेड बंद पडली आणि माग भंगारात गेले. दादा घरी बसला. आणि मग वर्षभरातच शेजारीपाजारी, पाहुणे, लग्न जमवायला येणारे, सारे जण त्याच्याकडे पाहून आवाज खाली आणून बोलू लागले. त्याच्या मेंदूत त्या वर्षात काही बदलले नव्हते.

त्यावर नोटांचे प्रकरण झाले. दादा अक्षर वाचीत नाही; नोटा तो रंगावरून आणि आकारावरून ओळखी. ही विद्या मावशीने त्याला दहा-बारा वर्षे खपून शिकविली होती. नारिंगी दहाची, निळसर-हिरवी शंभराची. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर पाचशेची नोट करड्या रंगाची झाली. पुढच्या वर्षी पन्नासची निळी आली, दोनशेची पिवळी नवीच निघाली. २०१८ साली दहाची तपकिरी आणि शंभराची जांभळट झाली. जुन्या नोटाही चालत राहिल्याच. आपण आठवडाभर कुरकूर केली आणि रुळलो. दादाची सारी विद्या मात्र वाया गेली. त्याने दोनदा दुकानात चुकीची नोट दिली, तेथे कोणी हसले, आणि तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. आता तर दुकानदार भिंतीवरच्या चौकोनाकडे बोट दाखवून मोबाइल काढायला सांगतो. व्यवहार जितका ‘सोपा’ होत गेला तितका काही जणांना तो बंद होत गेला, ही गोष्ट आपल्या कधी लक्षात येत नाही. सोपे म्हणजे कोणाला सोपे हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

येथे वाचक म्हणतील, अडचणी असतील, पण त्याला त्या कळत तरी कोठे असतात? ‘त्याला कसली काळजी’ या वाक्याचा पाया हाच आहे. हा पाया कच्चा आहे. रॉबर्ट एजर्टन या मानववंशशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील एका मोठ्या संस्थेतून बाहेर पडून गावात राहू लागलेल्या सौम्य मतिमंद स्त्री-पुरुषांचा अभ्यास केला. त्याचे पुस्तक १९६७ साली निघाले. त्यात एक बारीक निरीक्षण आहे. यांतील काही जणांना घड्याळ कळत नसे, तरी ते मनगटावर घड्याळ बांधीत. मग ते बंद पडलेले का असेना. वेळ विचारायची तर ‘माझे घड्याळ थांबले आहे’ म्हणता येते, आणि घड्याळ कळत नाही हे झाकले जाते. ज्याला आपल्या उणेपणाची जाणीव नाही तो असा उपाय शोधील काय? लोक आपल्याला काय समजतात हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि ते लपविण्यातच त्यांचा बराच दिवस खर्च होत होता. दादाही घरात पाहुणे आले की वर्तमानपत्र उघडून बसतो. बहुतेक वेळा सुलटे धरलेले असते.

काळजीचेही तसेच. पुढचा सारा काळ मनात मांडून त्याची चिंता करणे त्याला जमत नसेल. पण उद्या सकाळी आई दिसेल की नाही ही चिंता करायला बुद्ध्यंक लागत नाही. उलट आपण आपली काळजी बोलून हलकी करतो, कारणे शोधतो, ज्योतिषाकडे जातो, इन्शुरन्स काढतो. ज्याच्याजवळ शब्द थोडे, त्याच्या काळजीला बाहेर पडायला वाटही थोडी.

मग सुख नसतेच काय? असते, आणि तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. २०११ साली अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या २८४ जणांना त्यांच्या आयुष्याविषयी सरळ विचारण्यात आले. नव्याण्णव टक्क्यांनी आपण आयुष्यात सुखी आहोत असे सांगितले. हा आकडा पाहून पहिल्या पक्षाला आनंद होईल. पण हे सारे अशा कुटुंबांतले होते की जी या विषयातील संस्थांशी जोडलेली होती, जेथे मुलाला शाळा होती, मित्र होते, म्हणणे ऐकणारे कोणी होते. म्हणजे सुखाचे श्रेय कमी बुद्धीला द्यावे की भोवतालच्या माणसांना? माझा कल दुसरीकडे आहे, आणि त्याला एक भक्कम आधारही आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दहा-बारा वर्षांच्या आसपास होते. आज पुढारलेल्या देशांत ते साठीच्या जवळ गेले आहे. गुणसूत्र तेच, एकविसावे, जादा प्रतीसह. बदलल्या त्या बाहेरच्या गोष्टी : हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, प्रतिजैविके आली, आणि मुलांना जन्मत:च संस्थेत टाकून देणे थांबले.

‘देवाचे लेकरू’ म्हणण्याची जी रीत आहे तिच्याविषयीही एक वाक्य. ती प्रेमळ आहे खरी, पण देवाच्या लेकराला राग यायची मुभा नसते. दादा खोटे बोलतो, हट्ट धरतो, आणि धाकट्या भावाच्या खिशातून चहापुरते पैसे काढतो. तो माणूस आहे.

आता त्या भागाकडे येतो जेथे जगणे नि:संशय अवघड होते. चार वर्षांपूर्वी दादाने एकाएकी जेवण टाकले. ताट ढकलू लागला, रात्री ओरडू लागला, स्वत:च्याच गालावर थपडा मारू लागला. एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले, सारे प्रश्न त्याच्या भावाला विचारले आणि ‘या मुलांचे असे होतेच’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दादा तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. तीन आठवडे गोळ्या चालल्या. शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला तोंड उघडायला सांगितले. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली आणि तिसऱ्या दिवशी दादा जेवायला बसला.

हे आमच्याच घरी घडले असे नाही. तक्रार शरीराची असली तरी ती मतिमंदत्वाच्या खात्यावर मांडून मोकळे होणे, या प्रवृत्तीला वैद्यकशास्त्रात १९८० च्या दशकापासून नावही आहे. तिची किंमत मोजलीही गेली आहे. इंग्लंडच्या नैऋत्य भागातील अशा व्यक्तींच्या मृत्यूंची बारकाईने चौकशी झाली. २०१३ साली तिचा अहवाल आला. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा तेरा वर्षे आधी आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा वीस वर्षे आधी मरण पावत होत्या, आणि यांतील कितीतरी मृत्यू वेळेवर व नीट उपचार होते तर टळले असते. जेथे औषधपाणी सरकारी खर्चाने होते त्या देशातली ही कथा! ‘त्याला कसली काळजी’ म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षे एकदा मोजावीत.

स्त्रियांचे अधिक अवघड आहे, आणि याचे उदाहरण शोधायला इंग्लंडला जायला नको. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला तेव्हा ते प्रकरण थांबले. त्या मुलींना कोणी विचारले होते काय, हा प्रश्न त्या वेळी बऱ्याच सुशिक्षितांना हास्यास्पद वाटला होता. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंडीगढच्या एका शासकीय संस्थेतील सौम्य मतिमंद तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. संस्थेतच तिच्यावर अत्याचार होऊन ती गर्भवती राहिली होती. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, उच्च न्यायालयाने परवानगीही दिली होती. तिला मात्र मूल हवे होते. गर्भपाताच्या कायद्यात मानसिक रुग्णाच्या बाबतीत पालकाची संमती चालते, पण मतिमंदत्व त्या व्याख्येत येत नाही. म्हणून तिची स्वत:ची संमती लागेल असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. आजार आणि अक्षमता यांतील ज्या फरकाला मी वर तांत्रिक तपशील म्हटले, तो हाच.

मोठ्या निर्णयांचे असे; लहानसहान गोष्टींत मान कशी जाते ते मराठी माणसाला चटकन कळेल, कारण ती आपल्या क्रियापदांतच आहे. साठीला टेकलेल्या दादाला दुकानदार, रिक्षावाला, दवाखान्यातली पोरसवदा कारकून, सारे ‘अरे, इकडे ये’ म्हणतात. घरच्यांनी अरे म्हटले तर त्यात माया आहे. परक्याने म्हटले तर नाही. शेजारच्या त्याच वयाच्या निवृत्त गृहस्थांना तेच लोक ‘या हो’ म्हणतात, आणि दादाला हा फरक ऐकू येतो. त्याचे कान उत्तम आहेत.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सीमाभागापुरते एक सांगतो. घरी मराठी, बाहेर कन्नड, अशा घरातील मंदबुद्धी मुलाला ‘एकच भाषा बोला, नाहीतर गोंधळेल’ असा सल्ला अजून मिळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या द्वैभाषिक मुलांचा कॅनडात अभ्यास झाला आहे (२००५). एकच भाषा बोलणाऱ्या तशाच मुलांपेक्षा ती मागे नव्हती. आई ज्या भाषेत अंगाई म्हणते ती भाषा मुलापासून तोडण्याचे काहीच कारण नाही. दादा विणकरांशी कन्नडमध्ये आणि आईशी मराठीत बोले, आणि शिव्या दोन्हींत देई.

आता राहिली मावशी. दादाचे जे काही सोपे होते ते तिने अवघड करून घेतले होते. चाळीस वर्षांत ती कोणत्याही लग्नाला रात्रीची राहिली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पंधरा लाख मतिमंद व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांच्या आया कोणी मोजल्या नाहीत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली निघाली ती एका आईवडिलांना आपल्या मुलीसाठी शाळा सापडेना म्हणून. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ ची. कामे झाली आहेत, होत आहेत. पण शाळा अठराव्या वर्षी संपते आणि ‘आमच्या मागे याचे कोण?’ हा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. मावशी २०२१ मध्ये गेली.

विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांवरील मतिमंद व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. तिचा अर्ज मुद्दाम करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : पालकत्व मर्यादित असावे, ठराविक निर्णयापुरते व ठराविक काळापुरते, आणि निर्णय त्या व्यक्तीशी मिळून व तिच्या इच्छेला धरून घेतला जावा. दोन्ही कायदे आज शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पूर्ण जमलेले नाही. पहिल्याची नजर मालमत्तेवर अधिक, दुसऱ्याची माणसावर.

दादाच्या बाबतीत आम्ही दोन्ही धरून चाललो आहोत. मालमत्तेची यादी लहान आहे : घरातला हिस्सा आणि पोस्टातली ठेव. दुसरी यादी मोठी निघाली. मावशीला जे जे ठाऊक होते ते तिच्याबरोबर गेले होते. वहिनी आणि मी एका शंभर पानी वहीत ते आठवून लिहू लागलो. भात आधी, आमटी वेगळ्या वाटीत. पावसात विजा चमकल्या की खोलीत कोणीतरी बसायचे. दाढी दर बुधवारी त्याच न्हाव्याकडे. पुण्याला थोरल्या भावाकडे राहायचे की वडगावातच, हे अर्जात लिहायचे होते, तेव्हा दादालाच विचारले. तो लगेच ‘वडगाव’ म्हणाला; पुण्यात त्याला कोणी ओळखत नाही, हे कारणही त्याने न विचारता दिले. मग वहीकडे बोट दाखवून आणखी लिहायला सांगितले. फिकी शेव आणायची नाही. ती आईला आवडायची, त्याला नाही. गेली तीस वर्षे त्याच्या घरी जाणारा प्रत्येक पाहुणा खडेबाजारातून दादासाठी म्हणून शेवेचाच पुडा नेत होता. वहिनींनी ते लिहून घेतले. समितीपुढची तारीख अजून लागायची आहे.